जुन्या संगणकाचे मोल कोण ठरविणार?

उमरीच्या स्थानकावरून आगगाडी एका दिशेला नांदेडकडे जाते, दुसऱ्या दिशेला निजामाबादमार्गे हैदराबादकडे. दोन्ही शहरांत वापरलेल्या लॅपटॉपांचा बाजार आहे. उमरी तालुक्यातल्या एखाद्या शेतमजुराची पदवीला शिकणारी मुलगी असा लॅपटॉप घ्यावयास निघाली, की तिला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला सल्ला असा : जुने यंत्र घेऊ नकोस, त्यात व्हायरस शिरतात, नवे घे, पैसे नसतील तर हप्त्याने घे. दुसरा सल्ला असा : मिळेल ते स्वस्तात घे, दुकानदार त्यात सगळे काही फुकट भरून देईल. पहिला सल्ला तिला सावकाराच्या दारात नेऊन उभी करतो, दुसरा चोराच्या. दोन्ही सल्ले बाजाराला सोयीचे आहेत आणि दोन्ही एकच प्रश्न टाळतात : चालते यंत्र असुरक्षित होते ते कोणामुळे?

हा प्रश्न चैनीच्या वस्तूचा आहे असे समजणारे अजूनही काही जण आहेत. त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीकडे पाहावे. २०१७-१८ साली ग्रामीण भारतातील १००पैकी ४.४ कुटुंबांकडे संगणक होता. शहरांत हे प्रमाण २३.४ होते. दरम्यान शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज, परीक्षेचा अर्ज ही सारी कामे शासनाने संगणकावर नेली. मोबाइलवर अर्ज भरता येतो हे खरे. परंतु प्रकल्पाचा अहवाल लिहिणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, आज्ञावली लिहिण्यास शिकणे ही कामे मोबाइलवर होत नाहीत. ज्यांना केवळ अर्ज भरावयाचे आहेत त्यांनी मोबाइल वापरावा आणि ज्यांना ज्ञान निर्माण करावयाचे आहे त्यांनी संगणक वापरावा, अशी ही नवी वर्णव्यवस्था आहे. तिच्यातून बाहेर पडण्याचा कष्टकऱ्याच्या मुलांसमोरचा आजचा एकमेव परवडणारा मार्ग वापरलेला लॅपटॉप हा आहे.

आता त्याच्या किमतीचा विचार करू. कंपनी कायदा, २०१३ याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. आयकराच्या हिशेबात संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा मिळतो. समजा, एखाद्या कंपनीने ६०,००० रुपयांस लॅपटॉप घेतला. पूर्ण दराने घसारा धरला, तर पहिल्या वर्षाअखेर तो कागदावर ३६,००० रुपयांचा उरतो, दुसऱ्या वर्षाअखेर २१,६०० रुपयांचा आणि तिसऱ्या वर्षाअखेर १२,९६० रुपयांचा. ही घट करपात्र नफ्यातून वजा होते. म्हणजे यंत्राच्या किमतीचा काही वाटा सार्वजनिक तिजोरीनेही उचललेला असतो. मग कंपनी ते यंत्र ठोक भावाने काढून टाकते आणि ते वापरलेल्या मालाच्या बाजारात येते. त्या यंत्राची कळफलकावर उमटलेली झीज सोडली, तर त्याच्या कार्यशक्तीत फारसा फरक पडलेला नसतो. यंत्राची एक झीज वापराने होते आणि दुसरी, अधिक नवे यंत्र बाजारात आल्याने होते. हा भेद मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात केला आहे. दुसऱ्या झिजेत यंत्राचे वापरमूल्य शाबूत राहते. केवळ विनिमयमूल्य कोसळते. गरीब ग्राहकाला स्वस्त यंत्र मिळते ते या विसंगतीमुळे.

मक्तेदारीला नेमकी हीच गोष्ट रुचत नाही. कारण जुने यंत्र जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे नवे खपणार नाही. विजेचे दिवे बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९२४ साली जिनिव्हा येथे संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले होते. संगणकाच्या बाबतीत तार बारीक करण्याची गरज उरलेली नाही. यंत्र जसेच्या तसे ठेवून त्याची राखण तेवढी काढून घेतली, की काम भागते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. नवी विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर आवश्यक ठरविला गेला. इंटेलच्या बाबतीत ही रेषा आठव्या पिढीपाशी ओढली गेली. म्हणजे २०१७च्या उत्तरार्धापूर्वी बाजारात आलेले जवळजवळ सारे प्रोसेसर एका फटक्यात बाद ठरले. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तविला होता, की या निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील. ओरड झाल्यावर कंपनीने व्यक्तिगत वापरासाठी एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची, वाढीव सुरक्षा देऊ केली. तीही ३० डॉलर भरून, किंवा आपली मांडणी कंपनीच्या खात्याशी जोडून, किंवा तिचेच बक्षीस-गुण खर्चून. युरोपात मात्र ग्राहक-संघटनांनी दबाव आणला आणि तेथील आर्थिक क्षेत्रातील रहिवाशांसाठी हीच सुरक्षा विनामूल्य झाली. प्रणाली तीच, व्हायरस तेच; फरक एवढाच, की तेथला ग्राहक संघटित होता.

यावर भांडवलाचे वकील म्हणतील, की कोणतीही कंपनी जुना माल अनंत काळ सांभाळू शकत नाही आणि नव्या चकत्यांमुळे सुरक्षितता खरोखरच वाढते. यातील दुसरा मुद्दा खरा आहे. गुप्त किल्ल्या वेगळ्या चकतीत ठेवल्या, तर त्या चोरणे अवघड जाते. परंतु अधिक सुरक्षित यंत्र उपलब्ध आहे, म्हणून कमी सुरक्षित यंत्राची उरलीसुरली राखणही काढून घ्यावी, हा कोठला न्याय? नवे रुग्णालय बांधले म्हणून जुन्या वस्तीतील लसीकरण कोणी बंद करीत नाही.

पहिला मुद्दा अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. विंडोज १०च्या सुरक्षा-दुरुस्त्या कंपनी पुढेही तयार करणारच आहे. पैसे मोजणाऱ्या संस्थांना त्या तीन वर्षांपर्यंत देण्याची योजना तिनेच जाहीर केली आहे. एकदा तयार झालेली दुरुस्ती आणखी एका यंत्राला देण्याचा सीमांत खर्च जवळपास शून्य असतो. उमरीतील विद्यार्थिनीला ती दिल्याने मुंबईच्या बँकेची दुरुस्ती कमी होत नाही. उलट, ती न दिल्याने बँकेचाही धोका वाढतो. कारण बाधित संगणक स्वतःपुरता आजारी राहत नाही. तो पेन ड्राइव्हमधून, ईमेलमधून, जाळ्यातून रोग पसरवितो. ज्या वस्तूचा एकाने केलेला उपभोग दुसऱ्याचा वाटा घटवीत नाही आणि जिच्या अभावाचे दुष्परिणाम इतरांना भोगावे लागतात, ती वस्तू सार्वजनिक हिताची असते. तिच्या दारावर तिकीटघर बांधणे हे निव्वळ खंडणी वसूल करणे होय.

हा केवळ तर्क नाही. याचा पुरावा मे २०१७ मध्ये जगाने पाहिला. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. ज्या उणिवेतून तो शिरला तिच्यावरील दुरुस्ती चालू प्रणालींसाठी मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती बसविली नाही त्यांचे नुकसान झाले आणि त्या हलगर्जीपणाचा दोष त्यांच्याकडे जातो. पण एप्रिल २०१४ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालेल्या विंडोज एक्सपीची दुरुस्तीदेखील कंपनीपाशी होती. ती खास करार करून पैसे भरणाऱ्यांसाठी राखलेली होती. सर्वांना ती मिळाली वणवा पेटल्यानंतर. क्षमता होती, औषध होते. गरिबासाठी ते कपाटात बंद होते.

दुसरा भ्रम असा, की नवे व महाग ते सुरक्षित. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्याने मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्यावरील काम विस्कळीत झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घातक आज्ञावली शिरवून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडण्यात आले. पैसे अनेक देशांतील एटीएममधून निघाले. या संस्थांकडे पैसा नव्हता किंवा यंत्रे जुनाट होती असे कोण म्हणेल? सुरक्षितता ही दुकानातून एकदा विकत आणण्याची वस्तू नसून सतत करावयाची निगराणी आहे. आणि निगराणीचे ज्ञान दुरुस्तीच्या बाकावर जन्मते. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९०च्या दशकात जो व्हायरस-प्रतिबंधक तयार केला, तोच पुढे ‘क्विक हील’ म्हणून देशभर पोहोचला. तो उद्योग खाजगीच आहे. परंतु त्याचे मूळ दुरुस्तीच्या दुकानात आहे, ही गोष्ट दुरुस्तीला हलके काम मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील विद्यार्थ्यांना भीती अथवा मोह यांपैकी काहीही न देता नेमके ज्ञान द्यावे. यंत्र घेताना प्रोसेसरची पिढी पाहावी. आठवी वा त्यापुढची असेल तर विंडोज ११ चालण्याची शक्यता मोठी असते. बॅटरी, पडदा आणि बिजागऱ्या तपासाव्यात. जुन्या मालक-कंपनीचा पासवर्ड यंत्रावर उरलेला नाही याची खात्री करावी. अनुक्रमांकासह पावती घ्यावी, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडणार नाही. घरी आणल्यावर डिस्क पूर्णपणे पुसून प्रणाली नव्याने, कंपनीच्या मूळ स्थळावरून घेऊन बसवावी. विंडोज ८ वा त्यानंतरच्या प्रणालीसह विकल्या गेलेल्या यंत्रांत परवान्याची किल्ली बहुधा यंत्रातच कोरलेली असते. म्हणून परवाना चोरण्याचे कारणच अनेकदा नसते. ‘फुकट चालू करून देणाऱ्या’ आज्ञावल्या पुष्कळदा आधी पहारेकऱ्याला झोपवितात आणि मग चोराला आत घेतात. विंडोजमध्ये अंगभूत असलेला ‘डिफेंडर’ सामान्य वापरासाठी पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांतून बाहेरची डिस्क घेऊन कामाची दुसरी प्रत ठेवावी. यंत्र विंडोज ११साठी अपात्र असेल, तर उबुंटू वा लिनक्स मिंट यांसारखी मुक्त प्रणाली बसवावी. दहा वर्षांचे यंत्रही तिच्यावर चालते आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी पैसे पडत नाहीत.

तथापि व्यक्तीच्या दक्षतेवर सारा भार टाकून मोकळे होणे ही उदारमतवादी पळवाट आहे. अनेक शासकीय कामांची साधने विंडोज गृहीत धरूनच बनविली जातात. मग गरिबाने मुक्त प्रणाली वापरावी असा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार शासनाला कसा उरतो? केरळने वेगळा मार्ग दाखविला आहे. तेथील सरकारी शाळांचे संगणक ‘काइट’ या शासकीय संस्थेने तयार केलेल्या मुक्त प्रणालीवर चालतात आणि शिक्षक त्यासाठी प्रशिक्षित केले जातात. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. इच्छा नाही, एवढेच.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. १९६०च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला तो नोकऱ्या वाचविण्यासाठी; त्या लढ्याचा गाभा यंत्रावर ताबा कोणाचा, हा होता. तो गाभा विसरून काहींनी यंत्राविषयीचा तिटकारा तेवढा जपला. परिणामी पक्षाच्या एखाद्या कार्यालयात आजही चोरलेल्या परवान्याचा, वर्षानुवर्षे दुरुस्ती न झालेला संगणक चालत असेल, तर सभासदांची यादी व वर्गणीचा हिशेब शत्रूच्या हाती आयता जाईल. शिस्त म्हणजे हेही आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. देशात मोठ्या संख्येने वापरात असलेल्या प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती विनामूल्य देणे विक्रेत्या कंपनीवर कायद्याने बंधनकारक करावे. युरोपातील नागरिकास जे मिळते ते भारतीयास नाकारता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, तो करावा. सरकारी कार्यालये आणि सार्वजनिक बँका यांतून निघणारे संगणक भंगारात न विकता, डिस्क पुसून व मुक्त प्रणाली बसवून, जिल्हा परिषदेच्या शाळांना आणि सार्वजनिक वाचनालयांना द्यावेत. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक-दुरुस्ती व सुरक्षा हा विषय नीट शिकवावा. शासनाचे प्रत्येक संगणकीय काम मुक्त प्रणालीवर होईल अशी अट घालावी.

३० जानेवारी १९४८ रोजी निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांनी उमरीची बँक लढ्यासाठी ताब्यात घेतली होती. लोकांच्या श्रमातून साठलेल्या धनावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न या गावाला नवा नाही. संगणकात साठलेले श्रमही असेच अनेकांचे आहेत. खाणीतील मजुराचे, कारखान्यातील कामगाराचे, आज्ञावली लिहिणाऱ्याचे. त्या यंत्राचे आयुष्य एका कंपनीच्या नफ्याच्या वेळापत्रकाने संपू द्यावयाचे काय? तालुक्या-तालुक्यांतील शाखांनी या मागण्यांवर विद्यार्थी, शिक्षक आणि दुरुस्ती-कारागीर यांच्या सह्या गोळा करण्यास याच महिन्यात प्रारंभ करावा.