स्वच्छ न्हाणीघराला वास कशाला?

न्हाणीघर साफ करण्याच्या बाटल्या मुख्यतः दोन गुणांवर खपतात, तीव्रता आणि सुगंध. आणि ज्या घरात कोणाला दमा, बारमाही सर्दी किंवा हातांचा इसब आहे, त्या घराला टाळायच्या असतात त्याही याच दोन गोष्टी. या पेचातून सुटण्यासाठी ‘नैसर्गिक’ असे लेबल असलेली महागडी बाटली आणली जाते, तिच्यातही लिंबाच्या सालीचा भपका असतोच, आणि शिंका थांबत नाहीत. बाटली निवडण्याआधी शॉवरवर, टाइलवर आणि टबच्या कडेवर नेमके काय साचले आहे हे पाहिले, तर निम्मी खरेदी अनावश्यक ठरते, असे या स्तंभाचे मत आहे.

महाराष्ट्रातील बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार मोठ्या प्रमाणात आढळतात. पाण्याचा हा गुण, म्हणजे त्याची कठीणता, भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावी, असे सांगितले आहे. गिझरमध्ये तापल्यावर किंवा शॉवरच्या छिद्रावर थेंब सुकल्यावर या क्षारांचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि पांढरा, खरखरीत खर धरतो. दुसरा थर साबणाचा असतो. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचे, अर्थात तेल-चरबीतून मिळणाऱ्या आम्लाचे, सोडियमयुक्त लवण. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडताच त्याचा चिकट साका तयार होतो, आणि टबमध्ये पाण्याच्या पातळीशी उमटणारे करडे वर्तुळ हे या साक्यात अंगाचा तेलकटपणा आणि त्वचेचे कण मिसळून बनलेले असते. तिसरा थर सजीव आहे. कोपऱ्यातली गुलाबी बुळबुळ ही बहुधा सेराशिया मार्सेसन्ससारख्या जिवाणूंची असते आणि सांध्यांमधले काळे ठिपके बुरशीचे. ॲलर्जीच्या दृष्टीने या तिन्हींत खरा उपद्रवी हा शेवटचा थर, कारण बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत जातात. खर दिसायला वाईट असला तरी श्वासाला त्याचा त्रास नाही, आणि तरीही घराघरांतून सर्वांत जहाल अस्त्र उगारले जाते ते या बिचाऱ्या खरावरच.

खर आम्लात विरघळतो. त्यासाठी घरोघरी वापरले जाणारे ‘ॲसिड’ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्याच्या वाफा नाकाघशाला झोंबतात. व्हिनेगर हा त्याला सौम्य पर्याय म्हणून सुचवला जातो, परंतु त्यातले ॲसेटिक आम्लही हवेत उडणारे असल्यामुळे बंद न्हाणीघरात दम्याच्या रुग्णाला ते सोसेलच असे नाही. वाणसामानाच्या दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, येथे उजवे ठरते, कारण ते घनरूप आहे, पाण्यात विरघळल्यावरही त्याची वाफ होत नाही, त्याला वास नाही, आणि आम्ल म्हणून काम करतानाच ते कॅल्शियमला धरून ठेवून पुन्हा चिकटू देत नाही. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1784 मध्ये लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले होते. आज मात्र ते लिंबापासून नव्हे, तर ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडून साखर आंबवून घेऊन बनवले जाते, आणि ‘नैसर्गिक’ व ‘कृत्रिम’ यांच्यात रेघ मारू पाहणाऱ्यांनी या गोष्टीवर थोडा विचार करायला हरकत नाही.

अर्धा लिटर कोमट पाण्यात सुमारे 30 ग्रॅम लिंबूसत्त्व पुरते. उभ्या भिंतीवर ते टिकत नसल्याने जुने सुती फडके त्यात भिजवून टाइलला चिकटवावे, शॉवरचे तोंड याच पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बुडवून पिशवी वर बांधावी आणि अर्ध्या तासाने सारे धुऊन काढावे. द्रावण फवारणीच्या बाटलीत भरण्याचा मोह टाळलेला बरा, कारण फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगून श्वसनमार्गात जातात, आणि घरगुती सफाईचे फवारे वापरण्याचा प्रौढांमधील दम्याच्या लक्षणांशी संबंध असल्याचे युरोपातील 2007 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले आहे. आम्लाचा हा उपाय दगडावर मात्र कधीही करू नये: शहाबादी, कडाप्पा आणि कोटा या फरशा चुनखडीच्या असतात, संगमरवरही रासायनिकदृष्ट्या त्याच कुळातला, त्यामुळे खर विरघळवणारे आम्ल फरशीलाही खाते. टाइलच्या सांध्यांतले सिमेंट आधी साध्या पाण्याने भिजवून घेतल्यास त्याच्या छिद्रांत आम्ल कमी शिरते. ॲक्रिलिकच्या टबला मऊ कापड पुरे, काथ्या किंवा तारेची घासणी नको. जुन्या एनॅमलच्या टबाची चकाकी आम्लात फार वेळ ठेवल्यास उतरते, म्हणून तेथे काही मिनिटांत धुऊन टाकणे इष्ट.

साबणाच्या साक्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. आम्लामुळे त्यातले कॅल्शियम सुटते आणि मागे स्निग्धाम्ल उरते, जे पाण्याने जात नाही पण सोड्याने किंवा भांडी घासण्याच्या बिनवासाच्या द्रवाने निघते. म्हणजे आधी आम्ल, मग भरपूर पाणी, मग खाण्याचा सोडा ओल्या कापडावर घेऊन हलके घासणे, हा क्रम रसायनशास्त्राला धरून आहे. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढण्याची सध्याची लोकप्रिय कृती हा क्रमच मोडते, कारण आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात आणि हाती सोडियम ॲसिटेटचे निरुपद्रवी, निरुपयोगी पाणी उरते. फेस दिसतो, तो कार्बन डायऑक्साइडचा.

‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी अधिक सावध राहण्याचे कारण असे की लिंबूवर्गीय सालींतले लिमोनिन आणि लव्हेंडरसारख्या वनस्पतींतले लिनालूल ही सुगंधी द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जी संयुगे बनवतात, ती त्वचेच्या स्पर्शजन्य ॲलर्जीची सुपरिचित कारणे आहेत. गूळ, फळांच्या साली आणि पाणी महिनोन्‌महिने आंबवून घरी केले जाणारे ‘बायोएन्झाइम’ कचरा कमी करते हे खरे, पण त्यात सालींचे हेच तेल उतरते, आणि ॲलर्जी असलेल्या घरात ते बिनधोक मानता येत नाही. रिठ्याचे तसे नाही. त्यातले सॅपोनिन, म्हणजे फेस करणारे द्रव्य, सौम्य असते. फक्त रिठ्याची पूड उधळली की नाक हुळहुळते, म्हणून रिठे उकळून, गाळून घेतलेले पाणीच वापरावे.

तयार द्रवांमध्ये सुगंधाच्या जोडीला परिरक्षकेही असतात, म्हणजे द्रव नासू नये म्हणून घातलेली रसायने. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोनला अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये ‘वर्षातला ॲलर्जीकारक’ ठरवले होते. युरोपीय संघाच्या 2004 च्या डिटर्जंट नियमांनुसार परिरक्षके, तसेच ठरावीक ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्ये 0.01 टक्क्यांहून अधिक असल्यास, नावानिशी छापावी लागतात. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांवर ‘परफ्यूम’ एवढ्यावर भागते. भारतीय ग्राहकाला हाच तपशील मिळू नये, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही.

बुरशीसाठी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा-पंधरा मिनिटे ठेवून धुणे पुरेसे होते, आणि त्याचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होते. ते व्हिनेगरमध्ये मात्र मिसळू नये, त्यातून दाहक परॲसेटिक आम्ल तयार होते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आल्यास क्लोरिन वायू सुटतो, आणि ही चूक प्राणघातक ठरू शकते. कोकणातल्या पावसाळ्यात कोणतेही द्रव्य बुरशीला कायमचे हटवत नाही. आंघोळीनंतर वायपरने भिंत निपटणे, आणि एक्झॉस्ट पंखा लावताना दाराखाली हवेला फट ठेवणे, हेच तेथे उपयोगी पडते. मोरीच्या जाळीवर ठेवलेल्या डांबरगोळ्या दुर्गंधी झाकतात, बुरशी घालवत नाहीत, आणि हवेत नॅफ्थलीन तेवढे सोडतात.

नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 6000 हून अधिक युरोपीय लोकांचा सुमारे 20 वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, घरी किंवा व्यवसाय म्हणून सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटलेली आढळली. अशा निरीक्षणातून कारण पुरते सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगे ते नाही. शहरी महाराष्ट्रात ॲसिडची बाटली विकत घेणारे आणि ती वापरणारे बहुधा वेगवेगळे असतात. सौम्य आम्लाला अर्धा तास लागतो, जहाल आम्लाला दोन मिनिटे, आणि सकाळभरात चार-पाच घरे उरकणाऱ्या बाईंकडे तो अर्धा तास नसतो. लिंबूसत्त्वाचे फडके त्या येण्यापूर्वीच घरच्यांनी टाइलवर लावून ठेवावे, आणि हातमोजे लेटेक्सचे न आणता नायट्राइलचे आणावेत, कारण लेटेक्सचीही अनेकांना ॲलर्जी असते.