कौलं, पत्रे आणि मागचं स्वयंपाकघर

जून २०२४ मध्ये उत्तर बंगालमधल्या जलदापाड्याच्या जंगलातला हॉलंगचा लाकडी बंगला जळाला. १९६७ सालचा, आठ खोल्यांचा. एका रात्रीत सगळा खाक. शॉर्ट सर्किट झालं असावं, असा संशय असल्याचं तेव्हा वाचलं. मी हॉलंगला कधी गेलेलो नाही, तरी ते फोटो पाहून दोन दिवस कशात लक्ष लागेना. कारण डोळ्यासमोर हॉलंग नव्हतंच, मेळघाटातला एक बंगला होता. त्याचं नाव सांगत नाही. उगाच कुणा साहेबाच्या मागे शुक्लकाष्ठ नको.

हा बंगला जळलेला नाही. त्याचं नूतनीकरण झालंय!

मी तिथे पहिल्यांदा गेलो ते नव्वदच्या दशकात. वीज नाही, फोन नाही, रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. पोचेपर्यंत अंगावर बोटभर धूळ बसलेली. मे महिना होता. आत पाऊल टाकलं आणि एकदम गार वाटलं. जादूबिदू काही नव्हती. दीड-दोन फुटांच्या चुन्यात बांधलेल्या भिंती, डोक्यावर चांगलं उंच छप्पर आणि भिंतीच्या वरच्या अंगाला छोट्या खिडक्या, खालून दोरीने उघडायच्या. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. चारी बाजूंनी व्हरांडा असल्यामुळे ऊन खोलीच्या भिंतीला शिवतच नाही. जोतं कमरेएवढं उंच, म्हणजे पावसाळ्यात ओल नाही आणि सरपटणारे पाहुणेही जरा विचार करतात. सागाचे वासे, सागाची कैची, वर कौलं. लाकूड आजूबाजूचंच. कोण आर्किटेक्ट होता ते कुणाला ठाऊक? बहुधा कुणीच नव्हता. नकाशा ठरलेला असायचा आणि जागेवरचे गवंडी-सुतार तो आपल्या हिशेबाने बसवायचे.

या बंगल्यांचा उगम सांगायचा तर थोडा इतिहास आला. १८६४ साली ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला, १८६५ला पहिला वन कायदा आला, १८७८चा त्याहून कडक. जंगल सरकारचं झालं म्हटल्यावर ते बघायला साहेब फिरणार, आणि फिरणाऱ्या साहेबाला रात्री मुक्काम हवा. म्हणून साधारण एका दिवसाच्या मजलीवर एकेक बंगला. घोड्यावरून निघायचं, कूप बघायचं, जाळरेषा साफ आहेत का बघायचं, संध्याकाळी पुढच्या बंगल्यावर पोचायचं. त्याच्याही आधी, १८६२ मध्ये, कॅप्टन फोरसिथने पचमढीला बांधलेला बायसन लॉज आजही उभा आहे. तुम्ही पचमढीला गेला असाल तर पाहिलाही असेल.

जागा मात्र काय निवडल्यात! कोलकासच्या बंगल्यातून खाली सिपना नदी दिसते, ती एकदा बघा. आपल्याकडच्या जंगलावरच्या लिखाणालाही या बंगल्यांचं देणं आहे. मारुती चितमपल्लींचं अख्खं नोकरीचं आयुष्य वनखात्यात गेलं, माडगूळकरांनी नागझिऱ्यात राहून ‘नागझिरा’ लिहिलं. रात्री कंदील बारीक करून बसायला जागा नसती तर ती पुस्तकं झाली असती का, कोण जाणे.

पण... हा ‘पण’ मला बरीच वर्षं सुचला नव्हता.

एकदा दुपारी काही उद्योग नव्हता म्हणून बंगल्याभोवती नीट फिरून पाहिलं. न्हाणीघराला बाहेरून एक वेगळं दार होतं. ते कशाला? पाणी भरणाऱ्याने आणि मैला नेणाऱ्याने साहेबाच्या खोलीतून जाऊ नये म्हणून. भिंतीत वर एक भोक होतं. त्यातून पंख्याची दोरी बाहेर जायची आणि ती ओढणारा माणूस बाहेर बसायचा. आत गारवा, बाहेर तो. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वीस-पंचवीस पावलांवर, मागे. धूर, वास आणि आगीची भीती, तिन्ही लांब. म्हणजे भर पावसात खानसाम्याने झाकलेलं ताट घेऊन तेवढं अंतर पळायचं. त्याच्याही मागे नोकरांच्या खोल्या, ठेंगण्या, व्हरांडा नसलेल्या. जी अक्कल पुढच्या इमारतीत वापरली तिच्यातली चिमूटभरही तिथे खर्च केलेली नव्हती.

आणि हे सगळं उभं केलं कुणी? मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात वनखात्याने जंगलाच्या आत वनग्रामं वसवली. राहायला-कसायला जमीन द्यायची आणि बदल्यात खात्याच्या कामाला माणसं मिळवायची, असा तो सौदा. सौदा म्हणायचं आपलं, नाही म्हणायची सोय किती होती ते उघड आहे. ज्या कोरकूंचं जंगल, तेच त्यात मजूर झाले. कोरकूंचं गाव कधी पाहिलंय? मधे रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ ओळी. बांबूचा कुड, त्यावर मातीचा गिलावा. घरं एकमेकांकडे तोंड करून उभी असतात. बंगला मात्र दरीकडे तोंड करून आणि गावाकडे पाठ करून.

माझा एक अमरावतीचा मित्र म्हणतो, “मग पाडा की! गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या?” मला ते पटत नाही. पाडल्या तर खुणा जातील, झालं ते थोडंच जाणार आहे? शिवाय पाडून बांधणार काय, हे आपण पाहतोच. सिमेंटचा ठोकळा, सरकत्या काचा, आणि त्या काचांमुळे तापलेली खोली गार करायला एसी. ज्या जंगलात सावली फुकट मिळते तिथे!

आता त्या नूतनीकरणाकडे येतो. गेल्या खेपेला गेलो तेव्हा बंगला लांबून ओळखूच आला नाही. कौलं उतरवून निळे पत्रे घातले होते. चुन्याच्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट मारला होता. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिला असं रेनकोटात कोंबलं की ओल आतच राहते. दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे धरले होते. वरच्या खिडक्या बंद करून तिथे एसीसाठी भोक पाडलं होतं (पुन्हा भिंतीत भोक! पंख्याच्या दोरीची आठवण झाली). व्हरांडा मात्र चकचकीत, आरामखुर्च्यांना नवं पॉलिश, भिंतीवर वाघाचा मोठा फोटो. आणि मागचं स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या जमीनदोस्त. तिथे गाड्या लावायला फरशी.

मला सगळ्यात जास्त बोचलं ते हे. जुनं म्हणून पुढचा व्हरांडा ठेवायचा आणि मागचं पुसायचं, याला जतन म्हणायचं? आरामखुर्चीत बसून ‘काय ते ब्रिटिश लोक’ असं म्हणायची सोय फक्त झाली. माझं म्हणणं असं आहे की जपायचं तर अख्खं आवार जपा. ते न्हाणीघराचं बाहेरचं दार, ते दोरीचं भोक, त्या ठेंगण्या खोल्या, सगळं. पंचवीस पावलं चालून दाखवली की माणसाला दोन गोष्टी एकदम कळतात, घर कसं बांधावं आणि राज्य कसं केलं जातं.

दुसरी अडचणही आहे. २०१२ साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि गाभा क्षेत्रातल्या पर्यटकांच्या कायमस्वरूपी सोयी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. वाघाच्या दृष्टीने योग्यच आहे, माझ्यासारख्यांचे मुक्काम चुकले तर बिघडत नाही. पण माणूस न राहणारं घर झपाट्याने मोडतं. अशा ठिकाणी शाकारणीला दरवर्षी दोन गवंडी आणि चार मजूर लावायला किती खर्च येतो? एका एसीएवढाही नसेल. पण एसीची खरेदी कागदावर दिसते, शाकारणी दिसत नाही.

हे सगळं मी तिथल्या चौकीदारापाशी तावातावाने बोललो. म्हातारा कोरकू माणूस, बाप याच बंगल्यावर खानसामा होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, तुमचं खरं. पण दर वर्षी वानरं कौलं फोडायची आणि मी वर चढायचो. आता माझे गुडघे राहिले नाहीत. पत्रा बरा.”

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. त्या रात्री वानरं पत्र्यावर उतरली आणि साडेतीनला मी ताडकन उठून बसलो, वाटलं छप्पर कोसळलं.

सकाळी तो त्याच्या घरी चहाला घेऊन गेला. गोठ्यात शिरताना वर पाहिलं तर बंगल्याची मंगलोरी कौलं. उतरवल्यावर कुणी न्यायला तयार नव्हतं, म्हणून याला घेऊन जा म्हणाले होते. खालून प्रत्येक कौलावरचं कारखान्याचं नाव वाचता येत होतं. आदल्या रात्री एक सर येऊन गेली होती. गोठा कोरडा होता. मी विचारलं, “इथे वानरं येत नाहीत?”

“येतात ना,” तो म्हणाला. “इथे पोरगा चढतो.”