वुजूनंतरची दोन मिनिटं



मागच्या थंडीत आमच्या लोहाऱ्यात पालकसभेला आलेल्या एका अम्मीने सही करताना बोट झटकलं. भेगेतून रक्त आलं होतं. दिवसभर कपाशी वेचायची, घरी भांडी-कपडे, त्यात पाच वेळा वुजू. “मॅडम, स्वतःकडे बघायला वेळ कुठे?” त्या म्हणाल्या.

वेळ दोनच मिनिटांचा लागतो. खोबरेल किंवा व्हॅसलीन त्वचेला पाणी देत नाही. आहे ते पाणी उडू देत नाही. म्हणून वुजू करून झाल्यावर हात-तोंड हलकेच टिपा आणि त्वचा ओलसर असतानाच लावा. आंघोळीला कढत नको, कोमट पाणी घ्या, साबण गरजेपुरताच. भांडी घासून झाली की पुन्हा एक बोट तेल.

इशानंतर टाचांना व्हॅसलीन लावून सुती मोजे घाला. फजरला पाय चोळून धुवा, म्हणजे पाणी अडवणारा थर राहणार नाही.

भेगा खोल असतील, खाज थांबत नसेल किंवा साखरेचा आजार असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि लेकरांना तेल लावून झाल्यावर हात पदराला पुसू नका. उरलेलं तेल स्वतःच्या हातांवर चोळा.