चौकशी झाली, न्याय कोठे आहे?

एकाने एकाचा खून केला तर पोलीस येतात, पंचनामा होतो, खटला चालतो, आणि गुन्हा शाबीत झाल्यास जन्मठेप नाही तर फाशी पदरी पडते. परंतु तेच खून जमावाने केले, शेकड्यांनी केले, की त्यांस 'दंगल' असे सौम्य नाव मिळते. मग सरकार चौकशी आयोग नेमते, आयोग मोठा ग्रंथ लिहितो, आणि ग्रंथ कपाटात जातो. मेलेल्याच्या विधवेस ना आरोपी दिसतो, ना निकाल. हा आमच्या राज्यातील रिवाजच होऊन बसला आहे. ह्या रिवाजाविरुद्ध आम्हांस आज चार स्पष्ट शब्द लिहावयाचे आहेत.

उदाहरण दूरचे नको. आम्ही गणेशपुरीचे, आमचा तालुका भिवंडी. येथील गरम पाण्याच्या कुंडांवर स्नानास आणि स्वामी नित्यानंदांच्या समाधीच्या दर्शनास देशोदेशीचे लोक येतात, व शांती मिळाली असे म्हणून परत जातात. त्याच तालुक्याच्या ठिकाणी ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी जळगाव पेटले. महाडही सुटले नाही. एकट्या भिवंडीच्या दंगलीत ७८ व जळगावात ४३ माणसे गेली; त्यांतील बहुतेक मुसलमान होती, तशीच भिवंडीत १७ हिंदूही होते. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये अशी ताकीद ज्या राजाने आपल्या लोकांस दिली, त्याच्या जयंतीस रयतेचीच घरे जळावीत, ह्याहून शिवरायांचा मोठा अपमान कोणता?

ह्या दंगलींच्या चौकशीसाठी सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला. न्यायमूर्तींनी काम चोख केले, असे म्हणणे भाग आहे. अनेक खंडांच्या अहवालात त्यांनी मिरवणुकीतील वर्तनावर बोट ठेवले, तयारी कोणी व कशी केली ते दाखविले. दंगलीनंतर तपासासाठी जे खास पोलीस पथक नेमले होते, त्याने धर्म पाहून माणसे गोवली व धर्म पाहून सोडली, असा ठपकाही त्यांनी ठेवला. कुंपणानेच शेत खाल्ले, हे एका न्यायमूर्तीने शपथेवरील पुराव्यानिशी लिहून ठेवले आहे. मग पुढे काय? पुढे भिवंडीच १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा पेटली.

वाचक विचारतील, न्यायाधीशाने दोष दाखविला तर शिक्षा का होत नाही? ह्याचे कारण कायद्यातच आहे. चौकशी आयोग १९५२ च्या कायद्याखाली नेमला जातो. त्याचा अध्यक्ष न्यायमूर्ती असला तरी आयोग हे न्यायालय नव्हे. तो शोध करतो, शिफारस करतो. शिक्षा देऊ शकत नाही, आणि त्याची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. इतकेच नव्हे, तर आयोगापुढे साक्ष देताना कोणी जे बोलला, ते खोट्या साक्षीचा खटला सोडून इतर कोणत्याही खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत, काय केले त्याच्या टिपणासह, तो विधिमंडळापुढे ठेवावा असा नियम आहे. पण 'आम्ही काही करणार नाही' असे टिपण ठेवले तरी नियम पाळला गेला! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो हाच.

मुंबईची गोष्ट ह्याहून निराळी नाही. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये तेथे ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला व ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला. त्या वेळच्या सरकारने तो ऑगस्टात विधिमंडळापुढे ठेवला, आणि त्याचे मुख्य निष्कर्षच मानण्याचे नाकारले. शेवटी ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की बासनात पडलेल्या ९७ फौजदारी प्रकरणांचा पुन्हा शोध घ्या. बेपत्ता झालेल्या १६८ माणसांपैकी ६० जणांच्याच कुटुंबांस भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांचे वारस शोधा, असाही हुकूम झाला. तीस वर्षांत पाळण्यातले पोर बाप होते; येथे वारस शोधण्याचे कामच सुरू व्हावयाचे होते!

आता जगात काय चालते ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ व १९४६ साली न्युरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला झाला, आणि 'वरून हुकूम होता' ही सबब माणसास दोषमुक्त करीत नाही असे ठरले. १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे कायमच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला. १ जुलै २००२ पासून तो अमलात आहे. ह्या न्यायालयाचे तीन नियम आम्हांस मोलाचे वाटतात. हाताखालचे लोक अत्याचार करीत आहेत हे ठाऊक असून ज्या वरिष्ठाने त्यांस आवरले नाही, तो स्वतः गुन्हेगार ठरतो. पीडितांस केवळ साक्षीदार म्हणून नव्हे, तर वकिलामार्फत आपले म्हणणे मांडता येते. आणि दोषी ठरलेल्याकडून त्यांस भरपाई मागता येते.

हे केवळ कागदावरचे नाही. काँगो देशातील बोगोरो नावाच्या खेड्यावर २४ फेब्रुवारी २००३ रोजी हल्ला झाला. त्याबद्दल जर्मेन कटांगा नावाच्या सशस्त्र टोळीच्या म्होरक्यास २०१४ साली बारा वर्षांची कैद झाली, आणि २०१७ साली न्यायालयाने २९७ पीडितांस प्रत्येकी २५० डॉलर व त्याशिवाय सामुदायिक मदत ठरविली. रक्कम नाममात्र आहे, हे न्यायालयानेही म्हटले. पण जळालेले घर, गेलेले गुरू, बुडालेले पीक आणि मेलेला आप्त ह्यांचा हिशेब एका न्यायालयाने खेडुताच्या नावाने मांडला. भिवंडीच्या विणकराचा असा हिशेब कोणी मांडला?

ह्या न्यायालयात उणिवा नाहीत असे नव्हे. अमेरिका, चीन, रशिया ही बलाढ्य राष्ट्रे त्याबाहेर आहेत, आणि त्याचे आरंभीचे सारे खटले आफ्रिकेतीलच होते. बळी नेहमी बोकडाचाच दिला जातो, ही तक्रार रास्त आहे. आपला देशही रोमला मतदानात तटस्थ राहिला व त्याने अद्याप सही केलेली नाही. शिवाय २००२ पूर्वीचे गुन्हे त्या न्यायालयाच्या कक्षेत येतच नाहीत. म्हणून आमचे म्हणणे भिवंडीचे गाऱ्हाणे हेगला न्यावे असे नाही. परक्याचे न्यायासन नको म्हणता, तर घरचे द्या!

घरी काय आहे? वंशसंहाराविरुद्धच्या जागतिक करारास भारताने १९५९ साली मान्यता दिली. पण तो गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यात आजतागायत आला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखहत्येच्या प्रकरणात सज्जनकुमार यास १७ डिसेंबर २०१८ रोजी दोषी ठरविताना हीच उणीव दाखविली, व ती तातडीने भरावी असे बजाविले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय वगैरे कारणांवरून केलेल्या खुनास तीत स्वतंत्र कलम मिळाले, ते चांगलेच झाले. पण जमावामागे उभा राहणारा पुढारी, आणि हात बांधून पाहणारा अधिकारी, ह्यांच्यासाठी तीत वेगळे कलम नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत सामुदायिक हिंसेविरुद्धचे विधेयक राज्यसभेत येऊ पाहत होते. तेही विरोधामुळे बारगळले.

बहुजनांनी ह्यात लक्ष का घालावे? कारण १९७० च्या त्या मिरवणुकीत आसपासच्या खेड्यांतील लोक काठ्या घेऊन आले होते. भाषण करणारे तोंड एकाचे असते, काठी धरणारा हात आमच्या पोराचा. तुरुंगात गेलाच तर हात जातो. तोंड पुढच्या निवडणुकीस उभे राहते. वरिष्ठास जबाबदार धरणारा कायदा मेलेल्याच्या घराप्रमाणेच आमच्या पोरांचेही रक्षण करील.

कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरता? भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. ह्याचा आम्हांस अभिमान आहे. पण आग पुढे लागू न देणे हे एक काम, आणि लावलेल्या आगीचा जाब घेणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे माफ होत नाही. जखम बरी होण्यापूर्वी धुवावी लागते. नुसती झाकली तर आत पू धरते.

तेव्हा आमची मागणी अशी. सामुदायिक कत्तल हा स्वतंत्र गुन्हा ठरवा. जाणूनबुजून न आवरणाऱ्या वरिष्ठास व चिथावणाऱ्या पुढाऱ्यास त्यात आरोपी करा. आयोगाचा अहवाल येताच न्यायालयाच्या देखरेखीखाली मुदतीत तपास व्हावा. पीडितांस खटल्यात बोलण्याचा व भरपाईचा हक्क असावा, दया नव्हे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने दिल्लीकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत हा ठराव करून आपल्या आमदाराकडे धाडावा, आणि त्याचे उत्तर लेखी मागावे. उत्तर न आले तर तेही गावात वाचून दाखवावे.