‘सर, पुढच्या वर्षी तुम्हीच ना?’

तुमच्या कॉलेजमधले सगळ्यात मनापासून शिकवणारे सर किंवा मॅडम आठवा. ते परमनंट आहेत का, हे तुम्हाला माहितेय? मला तर टीवाय संपेपर्यंत माहिती नव्हतं.

शेवटच्या लेक्चरला आम्ही सरांना सहज विचारलं, ‘‘सर, पुढच्या वर्षी ज्युनिअर्सना हा पेपर तुम्हीच शिकवणार ना?’’ सर हसले. म्हणाले, ‘‘बघू, सुट्टीनंतर कळेल.’’ आम्हाला वाटलं, ते टाइमटेबलबद्दल बोलताहेत. ते नोकरीबद्दल बोलत होते.

सर सीएचबीवर होते. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, सरकारी भाषेत तासिका तत्त्व. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, अख्खा मे महिना, ताप आला म्हणून घरी काढलेला दिवस, यांचे पैसे नाहीत. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली माणसं वर्षानुवर्षं अशी काढताहेत.

पैसे कमी, हा प्रश्न आहेच. पण मला जास्त टोचतं ते सरांचं ‘बघू’. नोकरी गेली तर माणूस रडतो, चिडतो आणि दुसरी शोधायला लागतो. पण राहील की जाईल हेच कळत नसेल तर शोधायचं काय आणि सोडायचं काय? नोकरी जाण्याची सततची धास्ती मनाला बेकारीइतकीच पोखरू शकते, असं मानसशास्त्रातलं संशोधनही सांगतं. स्थळ आलं की पहिला प्रश्न, ‘मुलगा परमनंट आहे का?’ बँकेला सॅलरी स्लिप हवी. कॉलेजात नॅकच्या फायली असोत की गॅदरिंगची ड्युटी, ‘नाही’ म्हणायची सोय नाही. न जाणो, मुलाखतीच्या वेळी कोणी ते लक्षात ठेवलं तर?

‘प्रायव्हेटमध्ये तरी कुठे गॅरंटी आहे?’ असं तुम्ही म्हणाल. मान्य. मी स्वतः इंटर्न आहे, पुढचं मलाही माहिती नाही. पण कंपनी निदान ‘काम कमी झालं’ असं कारण तरी देते. इथे काम कमी झालेलं नाही. वर्ग तोच, विषय तोच, दरवर्षी नवी मुलं. काम कायमचं आणि माणूस मात्र तात्पुरता, हे कसं काय चालतं?

नियम नाहीत असंही नाही. यूजीसीचे 2018 चे नियम सांगतात, कंत्राटी शिक्षक अगदीच गरज असेल तर घ्या आणि तेही एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या आत. 2019 मध्ये यूजीसीने अतिथी अध्यापकांसाठी लेक्चरला 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50 हजार असा दरही ठरवला. आपल्या डिपार्टमेंटमध्ये यातलं किती पाळलं जातं, हे आपण कधी विचारलंय?

कॉलेज निवडताना आपण प्लेसमेंट बघतो, नॅकची ग्रेड बघतो. आता अजून एक गोष्ट विचारू या : इथले किती शिक्षक कायम आहेत? लायब्ररी, हॉस्टेल, वायफायसाठी निवेदनं देतोच ना आपण? त्यात ‘रिकामी पदं भरा’ ही एक ओळ घाला. ही मागणी शिक्षकांसाठी आहेच, पण आपल्यासाठीही आहे. उद्या आपणही कुठेतरी नोकरीला लागणार आहोत. तेव्हा आपल्याला कोणी पुढच्या वर्षाबद्दल विचारलं, तर ‘बघू’ म्हणावं लागू नये.