बंदीच्या आधी पाण्याचं बघा



१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. होड्या काठावर, जाळी घरात, हातात पैसा नाही. आणि उलट्या-जुलाबाचे दिवसही नेमके तेच. पावसाचं घाण पाणी विहिरीत उतरतं, हापशाभोवती चिखल साचतो, घरात एक जण तरी आडवा पडतो. मग डॉक्टरसाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि हंगाम उघडला की पहिले मासे त्या उचलीत घालायचे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पिण्याचं पाणी हा आपल्या धंद्याचाच विषय आहे आणि तो संस्थेनं हातात घ्यावा.

कोणी म्हणेल, हे सरकारचं काम. बरोबर आहे, त्यांचंच आहे. पण डिसेंबर २०२५ मध्ये इंदूरच्या भागीरथपुऱ्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं येणारं शहर, नळाला नर्मदेचं पाणी, आणि त्यातच गटाराचं पाणी मिसळलं. शेकडो लोक आजारी पडले, माणसं दगावली. शहरात ही गत, तर तलावाकाठच्या वस्तीचं पाणी तपासायला आपणहून कोण येणार?

आपल्या अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातलं. त्याच जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी काम सुरू केलं. मुलूख दुष्काळी. दवाखाना काढला, पण खरा भार गावातल्या बायांनी उचलला. गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची. कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन घरोघर सांगायच्या: बाळंतपण, पोरांचं वजन, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी. पुरुषांनी शेतकरी मंडळं काढून पाण्याची कामं केली. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे १९७१ मध्ये हजार बाळांमागे १७६ वर्षाच्या आत दगावत होती, १९७६ ला तो आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. तीन गोष्टी सुचवतो.

१) प्रत्येक वस्तीनं दोन बाया निवडाव्यात. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या ५ महिलांना पाणी तपासायला शिकवायची तरतूद आहे. आपल्या पंचायतीत किट आलं का, कुणाकडे आहे, हे विचारू. जंतू तपासायची बाटली तर अगदी सोपी: पाणी भरा, एक-दोन दिवस ठेवा. काळं पडलं तर पाणी पिण्यालायक नाही. तारीख आणि फोटोसकट अर्ज पंचायतीत आणि पीएचईत द्यायचा. तोंडी तक्रार विसरली जाते, नोंद असली की उत्तर द्यावं लागतं.

२) त्या दोघींच्या घरी ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या कायम असाव्यात. आशाताईंना सोबत घेऊ.

३) दर होडीमागे महिन्याला २० रुपये पाणी-फंड. बचत-राहत योजनेत आपण १,५०० टाकतो, सरकार ३,००० टाकतं आणि बंदीत ४,५०० हातात येतात. म्हणजे थोडं थोडं बाजूला टाकायची सवय आपल्याला आहेच.

होडीमालकांना वाटेल, आम्हीच का भरायचं? भाऊ, जाळं ओढणारा गडी तापानं झोपला तर होडी तुमचीच बांधून राहते.

हा ठराव मी बंदीच्या आधीच्या सभेत मांडणार आहे. विरोध असेल तर तोही सभेत येऊन सांगा, चर्चा करू. फक्त एक विनंती: पुरुषांनी एकट्यानं येऊ नका. घरात पाणी भरतं कोण आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसतं कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना मत द्यायला सोबत आणा.

आपला,
सचिव