खारपाणपट्ट्यातील मूत्रपिंडरुग्ण : यंत्र मिळाले, आधाराचे काय?

विशेष प्रतिनिधी
बुलडाणा : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि मूत्रपिंडाचा विकार हे समीकरण जिल्ह्याच्या घाटाखालील भागाला नवे नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव तालुक्यांतील खाऱ्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत आहे. वान धरणावरून 140 गावे पाणीपुरवठा योजनाही आली. चर्चा मात्र गावात गोडे पाणी आणि रुग्णालयात डायलिसिस यंत्र या दोन मागण्यांभोवतीच फिरत राहिली. ज्याचा आजार पूर्ण बरा होणार नाही, पण ज्याला अजून बरीच वर्षे जगायचे आहे, तो रुग्ण या चर्चेत कोठेच नाही.

मूत्रपिंडाचा दीर्घ विकार मुका असतो. बराच ऱ्हास होईपर्यंत तो जाणवत नाही. त्यामुळे दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल खोटा वाटतो. मग सुरू होते जडीबुटी, गंडेदोरे आणि एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे धाव. ‘डायलिसिस लागले म्हणजे माणूस संपला’ हा समज तर घरोघरी आहे. वस्तुतः रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवला, वेदनाशामक गोळ्या मनाने घेणे थांबविले, तर अनेकांना डायलिसिसची पायरी दीर्घकाळ टाळता येते. नाकारण्यात गेलेले महिने नेमके हीच संधी हिरावून घेतात.

सारा दोष पाण्यावर टाकण्याचाही एक धोका आहे. गोडे पाणी हा या गावांचा हक्कच आहे आणि त्यासाठीचा लढा रास्त आहे. परंतु आजाराची कारणे अनेक असतात. ‘पाण्यानेच झाले’ असे मानून बसलेला मधुमेही साखरेकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा नुकसान त्याचेच होते.

डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णाचा हिशेब वेगळा आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे 168 पैकी 12 तास यंत्राचे. उरलेले 156 तास त्याला स्वतः सांभाळावे लागतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना, पाणी मोजून प्यायचे; ठेचा, लोणचे, पापड दूर ठेवायचे; ज्या हातावर फिस्टुला केला, त्या हाताने ओझे उचलायचे नाही. ‘भरपूर पाणी प्या’ हा निरोग्यासाठीचा सल्ला ज्याची लघवी घटली आहे त्याला घातक ठरू शकतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असावे लागते. घरात एकासाठी वेगळे शिजणार की सर्वांच्याच ताटातले मीठ कमी होणार, यावर पथ्य टिकणे अवलंबून असते.

यात पैशाचा आणि अंतराचा भार आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने या योजनेतील संरक्षण प्रतिकुटुंब दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. उपचारासाठी जाणाऱ्या मूत्रपिंडरुग्णाला व त्याच्या एका सोबत्याला रेल्वेच्या द्वितीय व शयनयान वर्गात 75 टक्के सवलत मिळते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुख्य मार्गावर असल्याने ती उपयोगी आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून घाट चढून बुलडाणा किंवा थेट अकोला गाठायचे, तर रुग्णासह सोबत्याचीही मजुरी बुडते. तिची भरपाई कोणतीही सवलत करीत नाही. बरे वाटले की एखादी फेरी चुकविण्याचा मोह होतो तो येथेच, आणि फेरी चुकविणे जिवावर बेतू शकते.

म्हणूनच समुपदेशन ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे. निदानाच्या दिवशीच रुग्णाला व घरातील कर्त्या माणसांना समोर बसवून आजार, पथ्य, योजना आणि प्रत्यारोपणाचा पर्याय समजावून सांगितला गेला पाहिजे. गावातील आशा सेविकेला थोडे प्रशिक्षण मिळाले, तर पथ्याची आठवण दारापर्यंत पोहोचेल. काही वर्षे डायलिसिसवर राहून घर-शेती सांभाळणारा रुग्ण नव्या रुग्णाशी बोलला, तर त्या बोलण्याचे वजन वेगळेच असते. खचलेल्यांसाठी 14416 ही केंद्र सरकारची ‘टेली मानस’ मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून उपलब्ध आहे.

जागतिक मूत्रपिंड दिनाचे 2021 चे सूत्र या आजारासह चांगले जगणे हेच होते. आजार स्वीकारणे म्हणजे हार मानणे नव्हे. उरलेल्या 156 तासांचा ताबा स्वतःकडे घेणे होय. यंत्रणेने यंत्रांची संख्या मोजली. आता त्या यंत्रावरून उठून घरी जाणाऱ्या माणसाची विचारपूस व्हायला हवी.